हलका ट्रायपॉड आणि खारा वारा

समुद्रकिनाऱ्यावर छायाचित्रे काढायला निघालेल्या नवख्या माणसाचा प्रश्न बहुधा एकच असतो : हलका ट्रायपॉड घेतला तर फोटो हलतील का? प्रश्न रास्त आहे, कारण जड ट्रायपॉड स्थिर असतो हे कोणालाही सहज पटते. पण मांडव्याच्या लाँचमध्ये चढताना, अलिबागच्या एसटी स्थानकात गर्दीतून वाट काढताना किंवा कोर्लईच्या किल्ल्याची चढण चढताना साडेतीन-चार किलोंचे ओझे खांद्यावर वागवणे किती जणांना झेपेल, हा प्रश्नही तितकाच खरा असतो. भक्कम म्हणून घेतलेला आणि जड म्हणून घरी राहिलेला ट्रायपॉड कोणाच्याच कामाचा नसतो. या प्रकरणातील विवेचनाचा रोख असा आहे की, हलकेपणा हा मुळात दोष नसून ते वजन कशातून कमी केले आहे यावर सारे अवलंबून असते : उंचीतून कमी केलेले वजन छायाचित्राला फारसे बाधत नाही, नळ्यांच्या जाडीतून कमी केलेले मात्र हमखास बाधते.

उदाहरणासाठी रायगड जिल्ह्यातील रेवदंडा हे गाव येथे सतत नजरेसमोर ठेवले आहे. अलिबागच्या दक्षिणेस सुमारे सतरा किलोमीटरवर, कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तर काठावर हे गाव वसले असून, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात उभारलेल्या आणि १७४० मध्ये मराठ्यांच्या ताब्यात आलेल्या कोटाच्या तटाआत आजही नारळी-पोफळीच्या वाड्या, राहती घरे आणि जुन्या चर्चांचे अवशेष एकमेकांना लागून आहेत. पश्चिमेला काळसर वाळूचा किनारा, त्यामागे सुरूची झाडे, दक्षिणेला खाडी आणि खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर, अशी ही रचना आहे. वाडीतील अंधार, किनाऱ्यावरील वारा, ओली वाळू आणि खारट हवा ही ट्रायपॉडची परीक्षा पाहणारी चारही कारणे येथे एका फेरफटक्यात भेटतात, म्हणून हे उदाहरण सोयीचे ठरते.

१. उजेड कमी झाला की काय होते

कॅमेऱ्याचे शटर जितका वेळ उघडे राहते तितका वेळ उजेड आत येत राहतो, आणि तेवढ्या अवधीत कॅमेरा जराही हलला तर चित्रातील प्रत्येक बिंदूची एक बारीक रेघ होते. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी छायाचित्रकारांत एक जुना ठोकताळा चालत आला आहे : लेन्सची नाभीय लांबी जितके मिलिमीटर असेल, सेकंदाच्या तितक्याव्या भागापेक्षा शटर जास्त वेळ उघडे ठेवू नये. ५० मिमीच्या लेन्ससाठी १/५० सेकंद, २०० मिमीच्या लेन्ससाठी १/२०० सेकंद, असा त्याचा अर्थ. आणि कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणजे एपीएस-सी आकाराचा असेल, तर त्या आकड्याला दीडने गुणावे लागते, म्हणजे २०० मिमीच्या लेन्ससाठी मर्यादा १/३०० सेकंदांवर येते.

आता सूर्य मावळून पंधरा-वीस मिनिटे झाली आहेत आणि रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून कोर्लईचा डोंगर टिपायचा आहे, असे समजावे. पुढची वाळू आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवेत म्हणून लेन्सचे छिद्र एफ/८ एवढे ठेवले आणि चित्र स्वच्छ राहावे म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदना, १०० वर ठेवली, तर अशा उजेडात शटर साधारण २ सेकंद उघडे ठेवावे लागते. ५० मिमीच्या लेन्सने हेच चित्र हातात धरून १/५० सेकंदात घ्यायचे म्हटले तर उजेडाचा वेळ शंभरपटीने घटतो, आणि त्याची भरपाई करण्यासाठी आयएसओ १०० वरून १०,००० पर्यंत चढवावा लागतो. तेथे डोंगराच्या सावलीतील झाडी व तटाचे दगड रंगीत कणांच्या गर्दीत बुडून जातात. ट्रायपॉड हा शंभरपटीचा भार स्वतःवर घेतो, आणि त्याची खरी किंमत या हिशेबातच दिसते.

छायाचित्रणाच्या आरंभकाळात तर हा भार टाळताच येत नसे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी छायाचित्रकार काम करू लागले, तेव्हाच्या काचेच्या पाट्यांना उजेड पुरेसा शोषून घेण्यासाठी कित्येक सेकंद लागत, त्यामुळे लाकडी तिकाटणे हा कॅमेऱ्याचाच भाग होता. आजचे सेन्सर कितीतरी अधिक संवेदनशील आहेत. शिवाय अनेक कॅमेऱ्यांत थरथर टिपून सेन्सर किंवा लेन्समधील काच उलट दिशेने सरकवणारी यंत्रणाही असते, आणि तिच्या बळावर रुंद दृश्याच्या लेन्सने अर्ध्या सेकंदाचे चित्र हातातसुद्धा नीट निघू शकते. तरीही लाटांचे पाणी धुक्यासारखे मऊ दिसावे म्हणून दहा-वीस सेकंद शटर उघडे ठेवणे, एकाच चौकटीची उजळ आणि गडद अशी अनेक चित्रे घेऊन ती जुळवणे किंवा रात्रीचे तारे टिपणे ही कामे त्या यंत्रणेच्या आवाक्याबाहेरची आहेत.

येथे एक मर्यादाही आधीच ध्यानात घेतलेली बरी. ट्रायपॉड कॅमेऱ्याला थांबवतो, विषयाला थांबवत नाही. खाडीत नांगरलेली होडी पाण्यावर सतत डुलत असते आणि सुरूच्या बारीक फांद्या वाऱ्यात क्षणभरही ठरत नाहीत. त्यांच्यासाठी १/१२५ सेकंद किंवा त्याहून कमी वेळच लागतो आणि तेथे सर्वांत महागड्या ट्रायपॉडचाही इलाज चालत नाही.

२. एका पिक्सेलचा कोन

किती हालचाल झाली म्हणजे ती चित्रात दिसते? २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर साडेतेवीस मिलिमीटर रुंदीत सुमारे ६,००० पिक्सेल बसवलेले असतात, म्हणजे एका पिक्सेलची रुंदी जवळपास ४ मायक्रॉन, अर्थात मिलिमीटरचा अडीचशेवा भाग असते. २०० मिमीची लेन्स लावलेली असताना कॅमेरा इतकाच कलला की लेन्सचे, म्हणजे वीस सेंटिमीटर अंतरावरचे टोक ४ मायक्रॉन वर-खाली झाले, तरी चित्र एका पिक्सेलने सरकते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही हालचाल किती सूक्ष्म आहे याची कल्पना येते. कोर्लईचा तट दोन किलोमीटर दूर आहे असे धरल्यास तेवढ्या कलण्याने दृश्यावर सुमारे ४ सेंटिमीटरचा फरक पडतो. हालचाल दहा पिक्सेलांची झाली तर ४० सेंटिमीटरचा, आणि मग तटातील जंग्या व दगडांचे सांधे एकमेकांत मिसळतात.

हाच हिशेब २० मिमीच्या लेन्ससाठी केला तर सवलत दहापट मिळते. म्हणून हलक्या ट्रायपॉडबद्दलच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर लेन्सकडे असते : ज्याला रुंद दृश्यच टिपायचे आहे त्याला सव्वा-दीड किलोंचा ट्रायपॉड निर्धास्तपणे पुरतो, आणि ज्याला दीर्घ नाभीच्या लेन्सने पलीकडच्या तीरावरचे पक्षी किंवा बुरूज जवळ आणायचे आहेत त्याने वजनाबाबत थोडी तडजोड करावी. केवळ मोबाइल वापरणाऱ्याचे काम तर याहून सोपे आहे. फोनचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास आणि लेन्स रुंद दृश्याची, त्यामुळे लहानसा ट्रायपॉडही त्याला आधार देतो, आणि काही फोनमधील रात्रीचा मोड फोन स्थिर असल्याचे ओळखून उजेडाचा वेळ आपणहून अनेक सेकंदांपर्यंत वाढवतो.

३. तीन पाय आणि वजनपेलाचा आकडा

चुलीचे तीन दगड कसेही मांडले तरी भांडे डगमगत नाही, चौथा दगड आला की त्यांतला एखादा हमखास उंच किंवा ठेंगणा पडतो. ट्रायपॉडचे पाय तीनच असण्याचे कारण हेच आहे. तीन बिंदूंतून नेहमी एक सपाट प्रतल जाते, त्यामुळे उंचसखल कातळावरही तिन्ही पाय जमिनीला टेकलेले राहतात. मात्र तीन पाय टेकले म्हणजे ट्रायपॉड पडणार नाही एवढीच हमी मिळते, तो थरथरणार नाही ही हमी त्यात नसते.

नेमकी हीच गल्लत खोक्यावर छापलेल्या वजनपेलाच्या आकड्यामुळे होते. ‘८ किलो’ असे लिहिलेला एक किलोचा ट्रायपॉड पाहून ग्राहक निश्चिंत होतो. परंतु हा आकडा ठरवण्याची सर्व उत्पादकांना बांधील अशी एकच पद्धत नाही, आणि त्यातून फार तर इतके कळते की तेवढ्या वजनाने पाय घसरणार किंवा मोडणार नाहीत. सावधगिरीचा ठोकताळा म्हणून आपल्या सामानाच्या किमान तिप्पट आकडा पाहावा : कॅमेरा ७०० ग्रॅम आणि लेन्स ५०० ग्रॅम, मिळून १.२ किलो असेल, तर ४ किलोंच्या आत आकडा असलेला ट्रायपॉड विचारात घेऊ नये. खरा निवाडा मात्र पुढच्या दोन गोष्टींवर होतो.

४. नळीची जाडी

ट्रायपॉडचा पाय ही एकात एक बसणाऱ्या पोकळ नळ्यांची माळ असते. पातळ पत्र्याच्या पोकळ नळीचा ताठपणा, म्हणजे वाकवण्याला होणारा विरोध, तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २२ मिमी आणि २८ मिमी या दोन व्यासांत डोळ्याला फारसे अंतर दिसत नाही, पण पत्र्याची जाडी सारखी असताना दुसरी नळी पहिलीच्या दुपटीहून अधिक ताठ असते. वजन मात्र साधारण सव्वापटच वाढते. थोड्या वजनात ताठपणा विकत घेण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

पाय किती टप्प्यांत उघडतो हेही याच नियमात बसते. वरची नळी २५ मिमीची आणि प्रत्येक पुढची ३ मिमीने बारीक असे धरले, तर तीन टप्प्यांच्या पायात शेवटची नळी १९ मिमीची येते आणि पाच टप्प्यांच्या पायात १३ मिमीची. १९ आणि १३ यांच्या घनांचे गुणोत्तर काढले तर तळाच्या नळीचा ताठपणा तिपटीहून जास्त घटलेला दिसतो. पाच टप्प्यांचा ट्रायपॉड मिटवल्यावर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि पाठपिशवीत आडवा बसतो. तीन टप्प्यांचा साठ सेंटिमीटरच्या घरात राहतो आणि गर्दीच्या गाडीत शेजाऱ्याला टोचतो. चार टप्पे, आणि वरच्या नळीचा व्यास २५ मिमीच्या खाली नाही, हा प्रवासासाठीचा मध्यम मार्ग बहुतेकांना मानवतो.

स्वस्त ट्रायपॉडांत आणखी एक खूण पाहावी. मधल्या दांड्यापासून तिन्ही पायांना आडव्या पट्ट्या जोडलेल्या असतील, तर पाय एका ठरावीक कोनापलीकडे पसरत नाहीत. सपाट फरशीवर ही रचना चालते. पण तटाच्या ढासळलेल्या पायऱ्यांवर एक पाय उंच दगडावर आणि दोन खाली टेकवायचे म्हटले की तिचा अडथळा होतो. प्रत्येक पाय स्वतंत्रपणे दोन-तीन कोनांत अडकणारा असावा.

५. उंचीचा मोह

नळी वाकण्याचे प्रमाण तिच्या लांबीच्याही घनावर अवलंबून असते, आणि येथे हलक्या ट्रायपॉडच्या बाजूने मोठा लाभ मिळतो. १५० सेंटिमीटरऐवजी १२० सेंटिमीटर उंचीवर काम केले, म्हणजे उंची एक पंचमांशाने घटवली, तर वाकणे जवळजवळ निम्म्यावर येते. थोडे वाकून पाहण्याची तयारी असली की हलका ट्रायपॉड जडाच्या बरोबरीने काम देतो.

डोळ्याइतकी उंची हवीच असेल तर तिचा हिशेब नीट करावा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १५४ सेंटिमीटरवर असतात; ट्रायपॉडचे डोके ९-१० सेंटिमीटर आणि कॅमेऱ्याच्या तळापासून दृश्यखिडकी ८ सेंटिमीटर वजा केली, तर पायांची उंची १३६ सेंटिमीटरच लागते. मागे उघडणारा पडदा असलेल्या कॅमेऱ्याला तेवढीही लागत नाही. जाहिरातीतील ‘१७० सेंटिमीटर’ हा आकडा बहुधा मधला दांडा पूर्ण वर काढून मोजलेला असतो, आणि वर काढलेला मधला दांडा म्हणजे तीन पायांवर उभा केलेला एकच बारीक पाय. वाऱ्याची झुळूक आली की चित्र तेथेच बिघडते. दांडा खाली ठेवूनच उंची मोजावी.

६. ॲल्युमिनियम की कार्बन

ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि कार्बन तंतूंच्या नळीची साधारण १.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. तेवढ्याच मापाचा कार्बनचा ट्रायपॉड त्यामुळे दोन-तीनशे ग्रॅमने हलका भरतो आणि चांगल्या बांधणीत ताठही असतो. किंमत मात्र दुप्पट किंवा त्याहून अधिक पडू शकते. पैसे मर्यादित असतील तर बारीक नळ्यांच्या कार्बनपेक्षा जाड नळ्यांचे ॲल्युमिनियम निःसंशय चांगले, कारण व्यासाचा घन पदार्थातील फरकाला सहज मागे टाकतो.

खाऱ्या हवेत या निवडीला आणखी एक बाजू आहे. कार्बन गंजत नाही असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु कार्बनच्या नळ्या ज्या सांध्यांत चिकटवलेल्या असतात ते सांधे बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचे असतात. खारे पाणी विजेचे वाहक असते, आणि त्याने कार्बन व ॲल्युमिनियम यांना एकदा जोडले की दोघांचा मिळून एक लहानसा विद्युतघट तयार होतो, ज्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. सांध्यांवर उमटणारी पांढरी पूड हीच त्याची खूण. ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ॲनोडायझिंगचा संरक्षक थर असतो, पण वाळूने ओरखडे पडले की तेथेही मीठ शिरते. म्हणून पदार्थ कोणताही असो, किनाऱ्यावरून परतल्यावर गोड्या पाण्याने धुणे टाळता येत नाही. धुताना एक क्रम पाळावा : आधी पाणी ओतून वाळू काढावी आणि मगच नळ्या घट्ट धरणारे लॉक सैल करावे, कारण वाळूसकट लॉक फिरवले की तिचे कण थेट आट्यांत जातात. त्यानंतर पाय सुटे करून सावलीत पूर्ण वाळवावेत, आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्यावा, आणि पावसाळ्यात ओलसर असतानाच ट्रायपॉड पिशवीत कधीही बंद करून ठेवू नये.

लॉकचे प्रकार दोन. पिळून घट्ट होणारे ट्विस्ट लॉक आटोपशीर असते आणि सहसा कपड्यांत किंवा पट्ट्यात अडकत नाही. पाकळीसारखे उघडणारे फ्लिप लॉक लागले की सुटले हे लांबूनही दिसते आणि वाळू गेली तर साफ करायलाही सोपे पडते. किनाऱ्यावर नियमित जाणाऱ्याने घरी, हाताने उघडून पुन्हा बसवता येईल असेच लॉक घ्यावे; बाकी आवडीचा प्रश्न आहे.

७. डोके

पायांवर बसणारे आणि कॅमेरा वळवणारे जे डोके, त्यात प्रवासासाठी बॉल हेड, म्हणजे एका गोळ्यावर फिरून एकाच खिट्टीने आवळले जाणारे, हेच वजनाने हलके आणि सोयीचे. गोळा मोठा असला की पकड चांगली येते. पाहण्यासारखी गोष्ट एकच : खिट्टी आवळल्यावर चौकट खाली सरकते का? दीर्घ नाभीच्या लेन्सने हा दोष लगेच उघडा पडतो. कॅमेऱ्याखाली लावायची पट्टी आर्का-स्विस प्रकारची असावी, कारण तिचे उतरते काठ अनेक उत्पादकांच्या डोक्यांत बसतात आणि पट्टी हरवली तर दुसरी सहज मिळते.

८. वारा

कोकण किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि ते बहुधा मंद असतात. ऊन चढले, जमीन पाण्यापेक्षा लवकर तापली, की दुपारपासून समुद्राकडून खारे वारे जोर धरतात आणि सूर्यास्तानंतर हळूहळू उतरतात. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. पहाटे जो ट्रायपॉड निश्चल वाटतो तोच दुपारी चारला थरथरताना दिसतो, यात ट्रायपॉडचा दोष नसतो. हलक्या ट्रायपॉडवाल्याने पहाटेची वेळ पसंत करावी. आणि सूर्यास्तच हवा असेल, तर सूर्य मावळल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत रंगही चांगले येतात आणि वाराही उतरणीला लागलेला असतो.

वाऱ्यात उंची कमी करावी, गळ्याचा पट्टा काढून ठेवावा, लेन्सची टोपी म्हणजे हूड उतरवावे, कारण फडफडणारी आणि वारा अडवणारी प्रत्येक वस्तू थरथर वाढवते. बहुतेक ट्रायपॉडांना मधोमध आकडा, म्हणजे हूक असतो. त्याला पिशवी अडकवली की वजन वाढते, पण ती अधांतरी झोके घेऊ लागली तर उलटच परिणाम होतो. पिशवीचा तळ वाळूला टेकेल इतका पट्टा लांब ठेवला की ओझेही मिळते आणि झोकाही थांबतो.

थरथर सर्वांत घातक कधी ठरते, हे थोडे अनपेक्षित आहे. बटण दाबल्याने किंवा आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा उचलला गेल्याने बसणारा धक्का अर्ध्या सेकंदात विरतो असे धरले, तर ३० सेकंदांच्या चित्रात त्याचा वाटा केवळ साठाव्या भागाइतका राहतो आणि तो उमटतही नाही. मात्र १/१५ किंवा १/४ सेकंदाचे चित्र संपूर्णपणे त्या धक्क्यातच घेतले जाते. म्हणून दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरावा, आरसा आधी उचलून ठेवण्याची सोय असेल तर ती लावावी आणि इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर तेही आजमावावे. या साध्या शिस्तीने हलक्या ट्रायपॉडचे जितके भले होते तितके आणखी अर्धा किलो वजन घेऊनही होत नाही. रेवदंडा-साळाव पुलावर मात्र कोणतीच शिस्त उपयोगी पडत नाही, कारण वाहन गेले की पुलाचा पृष्ठभागच थरथरतो; खाडीचे दृश्य काठावरूनच टिपावे, आणि रहदारीच्या दृष्टीनेही तेच सुरक्षित.

९. ओली वाळू

लाट पायांवरून परतताना पायाभोवतीची वाळू खरवडून नेते आणि ट्रायपॉड नकळत खचतो. दहा सेकंदांच्या चित्रात हे खचणे अचूक उतरते. उपाय असा की, चौकट ठरवण्याआधीच तिन्ही पाय आळीपाळीने दाबून वाळूत चांगले रुतवावेत, एक-दोन लाटा जाऊ द्याव्यात, पाय पुन्हा दाबावेत आणि मगच दृश्य जुळवावे.

बारीक नळी शेवटी उघडावी, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो आणि कोरड्या, घट्ट जमिनीवर तो बरोबर आहे. ओल्या वाळूत मात्र तो उलटा करावा लागतो : तळाची बारीक नळी पूर्ण बाहेर काढावी, म्हणजे लॉकचा सांधा पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतो, आणि वरच्या जाड नळ्या मिटलेल्या ठेवून एकूण उंची कमी करावी. ताठपणात जे गमावले ते उंची घटवून परत मिळते आणि सांध्यात वाळू शिरत नाही. रेवदंड्याची वाळू बारीक आहे आणि बारीक वाळूच सांध्यांत सर्वांत खोल जाते, म्हणून येथे हा उलटा क्रम विशेष महत्त्वाचा.

उताराच्या जागी, उदाहरणार्थ कोर्लईच्या चढणीवर, दोन पाय उताराकडे आणि एक चढाकडे ठेवावा. कोटातील अवशेषांत टोकदार खिळे असलेले पाय वापरू नयेत, रबरी टोकेच ठेवावीत. आणि संरक्षित स्मारकाच्या आवारात ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते का, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

१०. तिथी आणि ट्रायपॉडची जागा

ट्रायपॉड कोठे रोवायचा हे शेवटी भरती ठरवते, आणि कोकणात त्यासाठी एक पिढ्यान्‌पिढ्यांचे गणित आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा व संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास भरती पूर्ण असते. त्या दिवशी सूर्यास्ताला पाणी वर चढलेले असते आणि ओल्या वाळूचा पट्टा फारसा उघडा नसतो. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी साडेपाचच्या सुमारास येते. तो उधाणाचा काळ असल्याने पाणी नेहमीपेक्षा दूर जाते, सूर्यास्ताला ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि आकाशाचे रंग त्यात उमटतात. प्रतिबिंबे हवी असणाऱ्याने हेच दिवस निवडावेत. ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी सावकाश चढते, पण तिसऱ्या-चौथ्या तासात झपाट्याने, हे लक्षात ठेवून परतीची वाट पाठीशी मोकळी ठेवावी. खाडीच्या मुखाशी प्रवाह जोरदार असल्याने तेथे पाण्यात उतरून ट्रायपॉड लावणे टाळावे. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावे.

डुलणाऱ्या होड्यांचा मघाचा प्रश्नही याच गणिताने सुटतो. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वानऊच्या आसपास; त्या सुमारास काठाजवळच्या होड्या चिखलावर टेकलेल्या असतात, आणि मग शटर जास्त वेळ उघडे ठेवूनही त्यांचे चित्र रेखीव निघते.

११. दुकानात करायची परीक्षा

स्वतःचा कॅमेरा आणि जवळची सर्वांत लांब लेन्स सोबत न्यावी. ट्रायपॉड मधला दांडा खाली ठेवून उघडावा, कॅमेरा बसवावा, पडद्यावर दूरच्या एखाद्या पाटीवरील अक्षरे जास्तीत जास्त मोठी करून पाहावीत आणि एका पायाला बोटाने हलकी टिचकी मारावी. अक्षरे थांबायला किती सेकंद लागतात ते मोजावे आणि शेजारच्या दुसऱ्या ट्रायपॉडवर हीच कृती करावी. अर्ध्या सेकंदात थांबणारा आणि दोन सेकंद डुलणारा यांतला फरक तेथल्या तेथे दिसतो, आणि खोक्यावरच्या कोणत्याही आकड्यापेक्षा तो विश्वासार्ह असतो. त्यानंतर पायांच्या टोकाला धरून डोके किंचित पिळून पाहावे, कारण काही ट्रायपॉड वाकण्याला ताठ असूनही पिळण्याला सैल असतात. जुना ट्रायपॉड विकत घेताना प्रत्येक लॉक उघडून आत वाळू करकरते का ते ऐकावे, सांध्यांवर पांढरी पूड दिसते का ते पाहावे, आणि नळी सांध्यातून गोल फिरत असेल तर चिकटवण सुटलेली आहे असे समजून तो परत करावा.